रंगभूमीवरील गाणें आणि त्याचा उत्तरकाल

सन १९०१ च्या फेब्रुवारी महिन्यांत भाऊराव कोल्हटकर वारले. आणि सन १९०२ च्या नोव्हेंबरांत विलायतेहून आलेल्या ध्वनिमुद्रकांनीं कलकत्त्यास आपलें यंत्र मांडून हिंदी गायकांचे आवाज मेणाच्या पृष्ठभागावर उतरवून घेण्यास आरंभ केला. मधलें अंतर अवघें पावणेदोन वर्षांचें. परंतु एवढ्याशा दरींत मराठी रंगभूमीवरील पहिल्या थोर गायक नटाचा आवाज कायमचा नाहींसा झाला. किर्लोस्कर मंडळीच्या या शकुंतलेनें आणि सुभद्रेनें ज्या आवाजाच्या बळावर एक पिढीची पिढी वेडी केली, तो आवाज कसा होता हें आज आपणांस ऐकणाऱ्यांच्या वर्णनांवरून ताडावें लागतें. आणि आवाजाचें वर्णन कितीहि रसाळ असलें तरी त्यानें कानाची तहान भागत नाहीं.

भाऊरावांच्या मागून आलेले नट त्या मानानें भाग्यवान. त्यांचीं पदें तबकड्यांवर उतरलीं, तबकड्या घरोघर गेल्या, आणि त्यांचीं नाटकें पाहिलेलें माणूस आज शोधून सांपडणें कठीण असलें तरी त्यांचा आवाज ओळखणारीं माणसें अद्याप आहेत. हें भाग्य खरेंच. पण तें निर्भेळ आहे काय? रंगभूमीवर जन्मलेलें गाणें तबकडींत गेलें तेव्हां त्याचें काय राहिलें आणि काय सुटलें, नाटक मंडळ्या मोडल्यावर तें कशाच्या आधारानें जगलें, आणि पुढें एका नव्या प्रतिभेच्या गायकानें त्याच्याकडे वळून पाहिलें तेव्हां त्यास कोणतें आयुष्य मिळालें, याचा थोडा विचार करण्याचा आमचा हेतु आहे. विषय केवळ संगीताचा नाहीं. जी कला आपण पाहिली नाहीं आणि जी पुन्हा पाहतां येण्याजोगी नाहीं, तिच्याविषयीं बोलण्याचा अधिकार आपणांस कितपत आहे, हा त्यांतला खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न आमच्या मनांत प्रथम उद्भवला तो घरांतच. आमच्या लहानपणीं घरांत किल्लीचें एक जुनें ग्रामोफोन यंत्र होतें, आणि आठ-दहा काळ्या तबकड्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळून ठेवलेल्या असत. आजोबांनीं गंधर्व नाटक मंडळीचीं नाटकें ऐन उमेदींत पाहिलेलीं. आम्ही मुलें कौतुकानें बालगंधर्वांची तबकडी लावीत असूं, आणि ती संपली कीं आजोबांच्या तोंडाकडे पाहत असूं. ते दर वेळीं एवढेंच म्हणत, "आवाज त्यांचाच आहे रे, पण हें तें नव्हे." आम्हांस हा म्हातारपणाचा हट्ट वाटे. आवाज त्यांचा, पद त्यांचें, मग आणखी काय हवें? आजोबांना काय हवें होतें हें समजण्यास आम्हांला पुष्कळ वर्षें लागलीं.

तें समजून घेण्यासाठीं मुळापासून आरंभ केला पाहिजे. सन १८४३ मध्यें सांगलीस विष्णुदास भावे यांनीं 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलें, तेव्हां त्यांत गाणें होतें. परंतु तें पात्रांचें नसून सूत्रधाराचें होतें. सूत्रधारानें पदें म्हणून कथा पुढें न्यावी आणि पात्रांनीं प्रसंगानुसार आपापलीं भाषणें करावीं, असा तो संप्रदाय. सीतेच्या मनांतला भाव तिसराच मनुष्य गाऊन सांगत असे. सन १८८० च्या ऑक्टोबरच्या ३१ तारखेस पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहांत बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांनीं 'शाकुंतल' केलें, तेव्हां मोठा फेरफार घडला तो हा कीं, ज्याचें दुःख त्यानेंच तें गावें. शकुंतलेचें पद शकुंतलेच्या तोंडीं आलें. पारशी मंडळीचा 'इंद्रसभे'चा प्रयोग पाहून अण्णासाहेबांना ही स्फूर्ति झाली असें सांगतात. पण स्फूर्ति कोठलीहि असो, घडण येथल्या मातीची होती. कीर्तनांतील साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत, शाहिरांच्या लावण्या, कर्नाटकांतील चाली, असें सर्व परिचित धन त्यांनीं एकत्र केलें. दोन वर्षांनीं, १८८२ सालीं, 'सौभद्र' आलें. त्यांत शंभराहून अधिक पदें आहेत, आणि तरी तें नाटक पदांच्या भारानें वांकत नाहीं. कारण तेथें पद हें संवादाचेंच एक रूप आहे. बोलतां बोलतां पात्र गाऊं लागतें, गातां गातां पुन्हा बोलूं लागतें, आणि शिवण कोठें आहे हें दिसत नाहीं.

अण्णासाहेब १८८५ सालीं निवर्तले. त्यांची परंपरा गोविंद बल्लाळ देवलांनीं चालविली. त्यांच्या 'शारदे'नें (१८९९) बाला-जरठ विवाहाचा प्रश्न पदांच्या द्वारें थेट माजघरापर्यंत नेला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनीं 'वीरतनया'पासून (१८९६) पारशी-उर्दू रंगभूमीच्या चटकदार चालींना मराठी शब्द दिले. मग सन १९११ च्या मार्चमध्यें कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें 'मानापमान' आलें, त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या. ठुमरी-दादऱ्याच्या अंगाचें, मैफलींत ऐकूं येणारें गाणें रंगभूमीवर आलें तें येथें. १९१६ सालच्या 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखले यांनीं त्याच्याहि पुढें पाऊल टाकून ख्यालाच्या भारदस्त चिजांवर पदें बसविलीं. 'शाकुंतला'शीं ताडून पाहतां पदांची संख्या पुष्कळ खालीं आली. परंतु एकेका पदाचा विस्तार वाढला. किर्लोस्करांचें पद संवादांतून वाहत होतें. खाडिलकरांच्या नाटकांतील पद ही नाटक थांबवून ऐकण्याची वस्तु झाली. हा फरक वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. कारण तबकडीला पुढें जें सहज उचलतां आलें तें या थांबलेल्या पदालाच. वाहतें पद उचलूं गेलें तर ओंजळींत फारसें कांहीं येत नाहीं.

या थांबलेल्या पदाचे स्वामी नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व. त्यांचा जन्म १८८८ चा. त्यांना 'बालगंधर्व' हें नांव लोकमान्य टिळकांनीं त्यांच्या बालपणींच दिलें. १९०५ मध्यें ते किर्लोस्कर मंडळींत शिरले, आणि १९१३ मध्यें गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनीं गंधर्व नाटक मंडळी उभारली. 'मानापमाना'चा पहिला प्रयोग ज्या दिवशीं होता त्याच दिवशीं त्यांची लहान मुलगी वारली, आणि तरीहि त्या रात्रीं भामिनी रंगभूमीवर उभी राहिली, ही गोष्ट महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. त्यांच्या भामिनीचें आणि रुक्मिणीचें लुगडें नेसणें, शेला घेणें, केसांत फुलें माळणें यांचें अनुकरण खऱ्याखुऱ्या कुलस्त्रिया करीत. पण याच नटानें 'एकच प्याला'त (१९१९) जीर्ण वस्त्रांतील सिंधू उभी केली. राम गणेश गडकरी हें नाटक रंगभूमीवर येण्यापूर्वींच वारले होते, पदें विठ्ठल सीताराम गुर्जरांनीं रचलीं होतीं. आणि जरीच्या शेल्यासाठीं ज्याच्याकडे लोक पाहत, त्याच्या फाटक्या लुगड्याकडे पाहून त्यांचे डोळे भरून येत. पद एकच असतें. पण जरतारी रुक्मिणीच्या तोंडचा सूर आणि दारिद्र्यानें गांजलेल्या सिंधूच्या तोंडचा सूर यांत जें अंतर पडतें, तें नुसत्या कानांनीं मोजतां येत नाहीं.

ती रात्रहि कशी असे? जेवणें आटोपून मंडळी नाटकगृहांत जात तीं पहाटेच्या सुमारास बाहेर पडत. ऑर्गन, सारंगी आणि तबला यांची साथ असे. अहमदजान थिरकवांसारखा वादक या मंडळीच्या पदरीं होता. 'वन्समोअर'ची आरोळी उठे, पद पुन्हा होई, आणि दुसऱ्या वेळीं तें पहिल्यासारखें नसे. कोणी या प्रकारास नाटकाची हत्या म्हणत. कथानक खोळंबतें, मेलेलें पात्र उठून गातें, अशी थट्टाहि होई. तींत तथ्य होतें. पण हें विसरूं नये कीं, पदाचा विस्तार प्रेक्षकाच्या साक्षीनें, किंबहुना त्याच्या सहकार्यानें होत होता. सन १९२१ च्या जुलैच्या ८ तारखेस मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठीं 'संयुक्त मानापमान' झालें. बालगंधर्व भामिनी आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर, असा तो योग. तीन महिनेहि लोटले नाहींत तोंच केशवराव वारले. त्या रात्रीचा एकहि सूर तबकडीवर नाहीं. ज्यांनीं ती रात्र पाहिली ते आयुष्यभर तिच्याविषयीं बोलत राहिले, आणि त्यांच्याबरोबर ती गेली.

आतां तबकडीकडे वळूं. आरंभीच्या ध्वनिमुद्रणांत विद्युत् नव्हती. गायकानें एका मोठ्या कर्ण्यासमोर उभें राहून त्यांत गावें, आवाजानें पडदा थरथरावा, आणि त्या कंपानें सुईनें मेणावर रेघ कोरावी, एवढीच ती युक्ति. हलका सूर त्या रेघेंत उमटत नसे, म्हणून गायकास जोर करावा लागे. साथीचीं वाद्यें दूर पडत. १९२५ नंतर विद्युत्‌च्या साह्यानें मुद्रण होऊं लागलें आणि कुजबुजहि पकडतां येऊं लागली. परंतु तबकडीची लांबी तीच राहिली. दहा इंचांची तबकडी मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेई आणि तिची एक बाजू सुमारें तीन मिनिटांत संपे. जें पद नाटकगृहांत रंगूं लागलें म्हणजे घड्याळाकडे कोणी पाहत नसे, तें तीन मिनिटांत बसवावयाचें! गायकानें काय करावें? अस्थाई म्हणावी, दोन-चार मोजक्या ताना घ्याव्या, अंतरा उरकावा आणि सुई किनाऱ्यास लागण्यापूर्वीं समेवर यावें. आजोबांना जें "तें नव्हे" असें वाटे, त्याचें एक कारण हें होतें. त्यांनीं फुलतांना पाहिलेलें पद आम्ही त्यांस घडी घातलेलें ऐकवीत होतों.

परंतु तबकडीनें केवळ हिरावून नेलें असें म्हणणें कृतघ्नपणाचें होईल. नाटकगृह सर्वांस मोकळें नव्हतें. खेडोपाडीं मंडळी जात नसत. तिकिटास पैसे नसलेले पुष्कळ. आणि कित्येक घरांतील बायकांना रात्रभर बाहेर राहण्याची मोकळीक नव्हती. तबकडी या सर्वांच्या उंबऱ्याच्या आंत आली. ज्या बाईनें बालगंधर्वांना एकदांहि पाहिलें नाहीं, ती दळतां-कांडतां त्यांच्या चालींत ओव्या म्हणूं लागली. दुसरें असें कीं, पदास नाटकाबाहेर मान मिळाला. अब्दुल करीम खांसाहेबांसारखा घराण्याचा आचार्य मराठी नाट्यपदें तबकड्यांवर गायिला. हिराबाई बडोदेकरांच्या मैफलींत नाट्यपदाची फर्माईश ठरलेली. 'नाट्यसंगीत' हा एक स्वतंत्र गायनप्रकार आहे ही कल्पना दृढ झाली ती यामुळें. आणि याच कल्पनेनें पुढें त्यास वांचविलें.

कारण नाटक मंडळ्यांचे दिवस भरत आले होते. १९३१ सालीं 'आलम आरा' हा पहिला हिंदी बोलपट निघाला, आणि १९३२ सालीं प्रभातचा 'अयोध्येचा राजा'. त्या बोलपटांत हरिश्चंद्राची भूमिका करणारे आणि संगीत देणारे गोविंदराव टेंबेच होते. ज्यांनीं 'मानापमाना'ला चाली दिल्या त्यांनींच रंगभूमीच्या प्रतिस्पर्ध्यास गळा दिला, असा हा काळाचा खेळ. नाटकगृहें एकामागून एक चित्रगृहें झालीं. १९३३ सालीं नाट्यमन्वंतर संस्थेनें 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणलें. त्यांत केशवराव भोळे यांचीं मोजकीं, भावगीताच्या वळणाचीं गाणीं होतीं. रात्रभर गाण्याचा काळ सरला हें त्या प्रयोगानें गाजावाजा न करतां सांगितलें. थाटामाटाच्या नेपथ्यानें आणि कर्जानें वांकलेली गंधर्व मंडळी थांबली, आणि १९३५ सालीं प्रभातच्या 'धर्मात्मा' बोलपटांत बालगंधर्व एकनाथ झाले. ज्या नटानें तीस वर्षें स्त्रीचें रूप धारण केलें तो प्रथमच पडद्यावर पुरुष म्हणून, संत म्हणून दिसला. पण यंत्रापुढें तुकड्या-तुकड्यांनीं अभिनय करण्यांत त्यांचें मन रमलें नाहीं, आणि ते पुन्हा रंगभूमीकडे परतले.

त्यांचा उत्तरकाल कष्टाचा गेला. वय वाढलें, शरीर थकलें, पायांनीं दगा दिला. मैफलींतून आणि भजनांतून ते गात राहिले. १९६४ मध्यें त्यांस पद्मभूषण मिळालें. १९६७ च्या जुलैमध्यें ते गेले. या उत्तरकाळांतील त्यांचें गाणें ऐकून पुष्कळ जाणते हळहळत. आम्हांस मात्र येथें थोडें निराळें म्हणावयाचें आहे. हळहळणारा मनुष्य ऐकत नसतो, तो तुलना करीत असतो. समोरच्या सुरांतून तो जुना सूर वजा करतो आणि उरलेल्या बाकीवर अश्रु ढाळतो. त्या भजनांतील शब्दोच्चार ऐकावा, दमाची ताकद ओसरल्यावर एकेका अक्षरावर ठेवलेला तो विश्वास पाहावा. रुक्मिणीची जरतारी तेथें नाहीं. पण सिंधूची आठवण करून देणारें कांहीं तरी आहे.

दरम्यान रंगभूमीवर एक नवी पालवी फुटली. १९६० सालीं विद्याधर गोखल्यांचें 'पंडितराज जगन्नाथ' आलें; १९६४ मध्यें वसंत कानेटकरांचें 'मत्स्यगंधा' आलें आणि जितेंद्र अभिषेकी हे संगीतकार म्हणून पुढें आले; १९६७ मध्यें पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या 'कट्यार काळजांत घुसली'मध्यें वसंतराव देशपांडे यांचे खांसाहेब उभे राहिले. हीं नाटकें तीन-साडेतीन तासांचीं. पदें थोडीं आणि बांधेसूद. आमच्या मतें या बांधेसूदपणांत तबकडीचाहि हात आहे. ज्या पिढीनें नाट्यपद प्रथम तीन मिनिटांच्या मापानें ऐकलें, तिच्या कानाला पदाचें तेंच माप नैसर्गिक वाटूं लागलें होतें. पूर्वीं तबकडी रंगभूमीवरून गाणें उचलीत असे. आतां रंगभूमी तबकडीपासून माप घेत होती.

येथें आम्हांस त्या गायकाचें नांव घ्यावयाचें आहे ज्याच्यामुळें आजोबांच्या वाक्याचा अर्थ आम्हांस लागला. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी, म्हणजेच कुमार गंधर्व, हे बेळगांवाजवळील सुळेभावी गांवीं १९२४ सालीं जन्मले. लहान वयांत त्यांची जी कीर्ति झाली ती एका विलक्षण कारणानें: मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या एकदां ऐकून हा मुलगा त्या जशाच्या तशा गाऊन दाखवी. लोक आश्चर्यानें तोंडांत बोट घालीत. म्हणजे तबकडीनें घडविलेल्या श्रोत्यांच्या पिढींतला हा सर्वांत मोठा श्रोता, आणि तबकडीचा सर्वांत मोठा नकलाकार! पुढें मुंबईस प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे त्यांस खरें शिक्षण मिळालें. नकलेची सवय मोडून विचार करण्याची सवय लागली. आणि ऐन तारुण्यांत क्षयानें गांठलें. १९४८ मध्यें ते हवापालटासाठीं माळव्यांत देवासला गेले आणि सुमारें पांच वर्षें त्यांचें गाणें बंद होतें. अंथरुणावर पडल्या पडल्या ते माळव्याचीं लोकगीतें ऐकत, जोग्यांचीं निर्गुण भजनें ऐकत. ज्याच्या कानांत सर्व थोरांचे गळे साठलेले होते, त्याला आतां ज्यांचें नांवगांव कोणास ठाऊक नाहीं अशा गळ्यांतून गाणें कोठून उगवतें हें दिसूं लागलें.

१९५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊं लागले तेव्हां आवाज तोच नव्हता. दम पूर्वींसारखा पुरत नव्हता. लांब तानेच्या ठिकाणीं लखलखीत, छोटे छोटे तुकडे आले. उणीव होती तिचीच त्यांनीं शैली केली. ते स्वतः चिजा रचीत, शब्दहि आपले, सूरहि आपले. 'अनूपरागविलास' या ग्रंथांत त्या संगृहीत आहेत. आणि उत्तरकाळांत त्यांनीं मैफलीची कल्पनाच पालटली. 'गीत वर्षा', 'गीत हेमंत', 'गीत वसंत' अशा ऋतूंच्या मैफली, 'त्रिवेणी'मध्यें कबीर, सूरदास आणि मीरा, 'तांबे गीतरजनी', तुलसीदास आणि तुकाराम यांचें सुरांतून घडविलेलें दर्शन. एकेक विषय घेऊन त्याची सर्वांगांनीं मांडणी करावयाची, असा हा प्रपंच. त्यास एका यांत्रिक सुधारणेचेंहि साह्य झालें. अमेरिकेंत १९४८ मध्यें जी दीर्घ तबकडी निघाली, तिची एक बाजू वीस मिनिटांहून अधिक चालते. ती हळूहळू आपल्याकडेहि रुळली. ज्या यंत्रानें पदाची घडी घातली होती, त्यानेंच तें पुन्हा उलगडण्यास जागा दिली.

या मालिकेंतच १९६० नंतरच्या दशकांत त्यांनीं 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम केला आणि पुढें त्याची दीर्घ तबकडी निघाली. शीर्षकांतील शब्द पाहण्यासारखे आहेत. 'बालगंधर्वांचें गाणें' असें त्यांनीं म्हटलें नाहीं. 'मला' असें म्हटलें आणि 'उमजलेले' असें म्हटलें. लहानपणीं जो कोणाचाहि गळा हुबेहूब काढीत असे, त्यानें प्रौढपणीं बालगंधर्वांचा गळा काढण्याचें नाकारलें. स्त्रीभूमिकेचा तो लाडिक स्वर तेथें नाहीं, ती हरकत जशीच्या तशी नाहीं. आहे तो एका गायकानें दुसऱ्याच्या विचाराचा घेतलेला शोध: हा सूर येथेंच कां थांबला, हें अक्षर एवढें कां जपलें, तालाशीं ही लाडीगोडी कशासाठीं.

ही तबकडी घरीं आली तेव्हां आजोबा पुष्कळ थकले होते. आम्हीं ती भीतभीतच लावली. कारण जेथें बालगंधर्वांची स्वतःची तबकडी "तें नव्हे" ठरली, तेथें दुसऱ्याचा आवाज कोठें टिकणार? एक बाजू संपेपर्यंत ते कांहींच बोलले नाहींत. मग म्हणाले, "पुन्हा लाव." दुसऱ्या खेपेस पद मध्यावर आलें आणि आजोबा एकाएकीं बोलूं लागले. "येथें टाळी पडायची, आणि ते थांबायचे बरं का. तुझी आजी त्या वेळीं माडीवर बायकांत बसलेली. मीं वळून पाहिलें तर पदर डोळ्याला." मग रंगमंचावर कोण कोठें उभें होतें, दिवे कसे होते, बाहेर पडलों तेव्हां पहाटेची थंडी कशी होती, असें सर्व त्यांनीं सांगितलें. इतक्या वर्षांत आम्हांला न मिळालेलें 'स्वयंवर' आम्हीं त्या दिवशीं प्रथम पाहिलें. तबकडी संपून सुई खरखरत राहिली होती. ती उचलण्याचें भान कोणास राहिलें नाहीं.

बालगंधर्वांच्या स्वतःच्या आवाजानें जें केलें नाहीं तें परक्या आवाजानें कां केलें, याचा आम्हीं पुढें पुष्कळ विचार केला. आम्हांस वाटतें तें असें. जुनी तबकडी ऐकतांना आजोबांच्या मनांत दोन गोष्टींचें भांडण लागत असे: मूळ रात्र आणि तिची तीन मिनिटांची आकसलेली प्रतिमा. प्रतिमा मूळाची जागा मागत होती, म्हणून ते तिला हांकलून देत. कुमारांच्या गाण्यानें ती जागा मागितलीच नाहीं. तें आपल्या जागीं उभें राहून त्या रात्रीकडे बोट दाखवीत होतें. आणि बोट पाहून आजोबा त्या दिशेस पाहूं लागले.

यावरून जुन्या तबकड्या निरुपयोगी आहेत असें कोणी समजूं नये. त्या पुरावा आहेत. भाऊरावांच्या बाबतींत जो आपणांस नाहीं आणि भास्करबुवांच्या आवाजाचाहि जो आपल्या हातीं नाहीं, असा पुरावा. तो जपून ठेवणें हें आपलें कर्तव्यच आहे. परंतु पुरावा म्हणजे घटना नव्हे, हेंहि ध्यानांत असावें. आज तर जुनीं पदें एका बोटाच्या स्पर्शानें केव्हांहि ऐकूं येतात. आणि सोय वाढली म्हणजे समजहि वाढली असें वाटण्याचा मोह होतो. ज्यास 'सौभद्रा'चीं दहा पदें पाठ आहेत त्यास सुभद्रा तें पद कोणत्या संकटांत म्हणते हें सांगतां येईलच असें नाहीं. किर्लोस्करांनीं सूत्रधाराच्या तोंडून गाणें काढून ज्याचें दुःख त्याच्या स्वाधीन केलें होतें. आपण तें पुन्हा ज्याच्या-त्याच्या तोंडून सोडवून घेऊन कोणाचेंच नसलेलें करून टाकलें, तर १८८० च्या आधींच्या जागींच परत जाऊं.

म्हणून वाचकांस एक विनंति करून हा लेख संपवितों. पुढच्या खेपेस घरांत एखादें नाट्यपद लागेल तेव्हां कपाटांतलें, नसल्यास ग्रंथालयांतलें, त्या नाटकाचें पुस्तक काढावें आणि पदाच्या आधींचें पान मोठ्यानें वाचावें. मुलें जवळ असलीं तर त्यांस बसवून घ्यावें. घरांत कोणी वडील माणूस असेल, ज्यानें मागच्या पिढीचें कांहीं पाहिलें किंवा निदान ऐकलें असेल, तर यंत्र मध्येंच थांबवून त्यास विचारावें. आम्हीं तें वेळेवर विचारलें नाहीं. आजोबा त्या तबकडीनंतर फार दिवस राहिले नाहींत, आणि 'एकच प्याला'तील सिंधू त्यांनीं कशी पाहिली होती हें विचारावयाचें आमचें राहूनच गेलें.